सक्तीचे माहेर

अमेरिकेच्या 2010 च्या आरोग्य विमा कायद्याला ‘ओबामाकेअर’ हे नाव ओबामांच्या विरोधकांनी ठेवले, तेही हिणवायला. पुढे ओबामांनी ते हसत स्वीकारले, पण त्या नावामुळे एक गैरसमज पक्का झाला तो झालाच. या कायद्यातली सगळ्यात बदनाम तरतूद म्हणजे विमा सक्ती: प्रत्येकाने आरोग्य विमा घेतलाच पाहिजे, नाहीतर दंड भरावा. ही सक्ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या डाव्या डोक्यातून निघाली, असे आजही अमेरिकेतले आणि आपल्याकडचेही बरेच लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तिचे माहेर उजव्या अंगणात आहे. ती सासरी कशी आली, सासरच्यांनी तिला आधी कसे नाकारले आणि माहेरच्यांनी पुढे ओळख कशी दाखवली नाही, ही कथा पाहण्यासारखी आहे. राजकारणात तडजोड कोण कोणाशी करतो, याबद्दलच्या आपल्या भाबड्या कल्पना तिच्यात एकेक करून गळून पडतात.

1989 साली हेरिटेज फाउंडेशन या वॉशिंग्टनमधल्या कट्टर उजव्या विचारसंस्थेत काम करणाऱ्या स्टुअर्ट बटलर यांनी सर्वांना परवडणाऱ्या आरोग्यसेवेचा एक आराखडा मांडला. त्यात प्रत्येक कुटुंबाने निदान मोठ्या आजारपणापुरता तरी विमा घ्यावा, अशी कायदेशीर सक्ती सुचवली होती. युक्तिवाद साधा होता. गाडी चालवणाऱ्याला सीटबेल्ट आणि विमा सक्तीचा असतो, मग शरीराला का नको? त्याला पार्श्वभूमीही होती. 1986 साली रेगन यांनी सही केलेल्या एका कायद्याने रुग्णालयांवर बंधन घातले होते: तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत, आधी स्थिर करा. माणुसकीच्या दृष्टीने योग्यच. पण ते बिल शेवटी कोण भरतो? विमा असलेले लोक, वाढलेल्या हप्त्यातून. म्हणजे ऐपत असून विमा न घेणारा माणूस फुकट्या ठरतो. फुकट्याला शिस्त लावणे हा उजव्या विचाराचा जुना आवडता विषय. आरोग्यसेवा हा हक्क आहे असे बटलर म्हणत नव्हते. ती प्रत्येकाची जबाबदारी आहे असे म्हणत होते. 1991 साली व्हार्टनचे अर्थतज्ज्ञ मार्क पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोरल्या बुश यांच्या सरकारसमोर अशाच विचाराची योजना ठेवली.

या सक्तीमागचे गणित कळल्याशिवाय पुढची भांडणे कळत नाहीत. आपल्याकडे मेडिक्लेम घेतलेल्यांना आधीपासूनच्या आजाराची अट ठाऊक असते: मधुमेह असेल तर त्याच्याशी निगडित खर्चासाठी काही वर्षे थांबा. अमेरिकेत स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांना बहुतेक राज्यांत याहून वाईट वागणूक होती. कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. आता कायद्याने सांगितले की नकार द्यायचा नाही आणि आजारी माणसाकडून जास्त हप्ताही घ्यायचा नाही, तर धडधाकट माणूस म्हणेल, आजारी पडल्यावर बघू. उरतात आजारी, हप्ता वाढतो, मग कमी आजारीही बाहेर पडतात. हे पुस्तकी भाकीत नव्हते. न्यूयॉर्कने 1993 पासून सक्तीशिवाय असे नियम लावून पाहिले. हप्ते आभाळाला भिडले आणि वैयक्तिक विम्याचा बाजार आक्रसत गेला. वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षी केलेल्या कायद्यातला सक्तीचा भाग दोन वर्षांत रद्द झाला, नियम मात्र राहिले. दशक संपता संपता नवा वैयक्तिक विमा विकायला तिथे कंपनी मिळेना. म्हणून तज्ज्ञ सांगू लागले की तीन गोष्टी एकत्रच हव्यात: नकारबंदी, सक्ती आणि गरिबांना हप्त्यासाठी अनुदान. एक काढली की बाकीच्या दोन कोसळतील. हे सूत्र पुढे वीस वर्षे सगळ्यांनी जपासारखे घोकले. ते कितपत खरे होते, ते पुढे येईलच.

सक्तीच्या आधीही अमेरिकेत आरोग्य विम्याच्या सुधारणेची तीन मोठी प्रकरणे होऊन गेली होती. 1945 च्या नोव्हेंबरात ट्रुमन यांनी काँग्रेसला राष्ट्रीय आरोग्य विम्याचा संदेश पाठवला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला समाजवादी औषधोपचार म्हणून गाडून टाकले. (त्याच सुमारास आपल्याकडे बी. पी. अदारकरांचा अहवाल आला होता आणि 1948 साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून सक्तीने वर्गणी कापली जाऊ लागली आणि त्यावरून कोणी स्वातंत्र्याचा आक्रोश केल्याचे ऐकिवात नाही.) दरम्यान युद्धकाळातल्या वेतनबंदीमुळे अमेरिकी कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, 1954 च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली, आणि नोकरी व विमा यांची गाठ बसली. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असलेल्या मराठी घरांत नोकरी गेली की व्हिसाच्या पाठोपाठ विम्याची चिंता सुरू होते, ती या ऐंशी वर्षांपूर्वीच्या गाठीमुळे. 1965 साली जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड मंजूर करून घेतले आणि सही करायला ते मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, म्हाताऱ्या ट्रुमनसमोर गेले.

तिसरे प्रकरण निक्सन यांचे. 1974 च्या फेब्रुवारीत या रिपब्लिकन अध्यक्षाने प्रत्येक मालकाने आपल्या कामगारांना विमा द्यावा, अशी योजना मांडली. सिनेटर एडवर्ड केनेडी यांना तेव्हा सरकारी विमा हवा होता. त्यांनी मधला मार्ग शोधून पाहिला, पण कामगार संघटनांनी हिशेब केला की वॉटरगेटमुळे नोव्हेंबरच्या निवडणुकीत आपलेच लोक भरघोस निवडून येणार, मग आत्ता अर्धी भाकरी का घ्यावी? लोक निवडून आले. विमा आला नाही. ती संधी सोडल्याची खंत केनेडींनी पुढे बोलून दाखवली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. निक्सन यांची 1974 मधली मालकांवरची सक्ती 1993 साली क्लिंटन यांच्या विधेयकाचा कणा झाली. क्लिंटनना उत्तर म्हणून रिपब्लिकनांनी 1993 साली पुढे केलेली व्यक्तींवरची सक्ती 2010 साली ओबामांच्या कायद्यात आली. दर वेळी डेमोक्रॅट त्या जागी पोहोचले जिथे रिपब्लिकन आदल्या पिढीत उभे होते, आणि दर वेळी तिथे पोहोचेपर्यंत रिपब्लिकन तिथून उठून गेले होते.

1993 चा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात कळीचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. क्लिंटन यांचे विधेयक तेराशे पानांचे, आणि ते बनवण्याची मुख्य जबाबदारी हिलरींकडे. विमा उद्योगाने हॅरी आणि लुईस नावाच्या एका काल्पनिक मध्यमवर्गीय जोडप्याच्या जाहिराती टीव्हीवर लावल्या: स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून हे दोघे चिंताक्रांत. पण विधेयक फक्त जाहिरातींनी पाडले, हे अर्धेच खरे. ऱ्होड आयलंडचे रिपब्लिकन सिनेटर जॉन चाफी यांनी पर्यायी विधेयक मांडले, त्यात वैयक्तिक विमा सक्ती होती. सहप्रस्तावकांमध्ये सिनेटमधले पक्षनेते बॉब डोल होते, आयोवाचे चार्ल्स ग्रासली होते, यूटाचे ऑरिन हॅच होते. म्हणजे दोन्ही पक्षांपुढे सर्वांना विमा देणारे आपापले मसुदे होते आणि त्यांच्यातले अंतर भरून काढण्याजोगे होते. नेमक्या याच वेळी, डिसेंबर 1993 मध्ये, रिपब्लिकन डावपेचकार विल्यम क्रिस्टल यांनी आपल्या पक्षनेत्यांना एक टिपण पाठवले. त्याचा रोख असा की योजना सुधारू नका, वाटाघाटी करू नका, ती पाडा; कारण ती मंजूर झाली तर मध्यमवर्गाचा कैवारी म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाची पत पिढ्यान्‌पिढ्या वाढेल.

ते टिपण क्रूर आहे, पण त्यातली समज अचूक आहे. तोवर दोन्ही बाजूंचा वाद मजकुरावर चालत असे: किती लोकांना, कोणाच्या पैशाने, कोणत्या अटींवर. क्रिस्टल यांनी प्रश्न मजकुरावरून श्रेयावर आणला. मजकूर चांगला असेल तर तो जास्तच धोक्याचा, कारण मग श्रेयही मोठे. पुढच्या काही महिन्यांत डोल मागे सरले, चाफींचे विधेयक मतदानापर्यंत पोहोचले नाही, आणि सप्टेंबर 1994 मध्ये सिनेटमधले बहुमताचे नेते जॉर्ज मिचेल यांनी त्या वर्षापुरता विषय संपल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहे जिंकली. टिपण लिहिणाऱ्याला याहून मोठा दाखला कशाला हवा?

तरी कल्पना मेली नाही. ती मॅसॅच्युसेट्समध्ये जाऊन वाढली. तिथले रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्यासमोर एक अगदी व्यावहारिक अडचण होती: केंद्राकडून मेडिकेडपोटी मिळणारे वर्षाला सुमारे 38.5 कोटी डॉलर हातचे जाण्याची वेळ आली होती. विधिमंडळ डेमोक्रॅटांचे. दिल्लीत खटपट करून निधी वाचवणारे मुख्यमंत्री आपल्याला नवे नाहीत. रॉम्नींच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये ती खटपट केली एडवर्ड केनेडी यांनी, ज्यांच्याविरुद्ध रॉम्नी 1994 साली सिनेटची निवडणूक लढून हरले होते. 12 एप्रिल 2006 रोजी बॉस्टनच्या फॅन्युअल हॉलमध्ये सह्या झाल्या, तेव्हा व्यासपीठावर केनेडी होते आणि हेरिटेज फाउंडेशनचा माणूसही होता. तडजोड म्हणून जे चित्र आपण मनात धरतो ते हेच. आणि ते का जमले, हेही त्यातच दिसते: दोन्ही बाजूंना काही गमवायचे होते. निधी बुडाला असता तर रॉम्नींचीही नाचक्की आणि डेमोक्रॅट आमदारांचीही.

दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन सक्तीच्या बाजूने होत्या आणि ओबामा विरोधात. बेघरांचा प्रश्न सोडवायला प्रत्येकाला घर घेण्याची सक्ती करणार का, असे ओबामांनी खोचकपणे विचारले होते. निवडून आल्यावर त्यांनी ती स्वीकारली. याला कोणी कोलांटउडी म्हणो. मला त्यात दुसरे कारण दिसते. निवडणूक होताच, नोव्हेंबर 2008 मध्ये, विमा कंपन्यांच्या संघटनेने जाहीर केले की सर्वांना विमा घेणे सक्तीचे होणार असेल तर आम्ही आजारी माणसालाही नकार देणार नाही. हॅरी आणि लुईसवाले हेच लोक. औषध कंपन्यांनी दहा वर्षांत 8,000 कोटी डॉलर सोडण्याची तयारी दाखवली. म्हणजे 2009 मध्ये सक्ती ही रिपब्लिकनांना घातलेली साद नव्हतीच. ती विमा कंपन्यांशी झालेल्या सौद्याची किंमत होती.

पण ओबामांच्या लोकांना, आणि बहुधा खुद्द ओबामांनाही, हे दोन हिशेब वेगळे ठेवता आले नाहीत. समोरच्या पक्षाचीच कल्पना घेतली आहे, तर त्यातले चार जण तरी येतील, ही आशा त्यांना सोडवेना. सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस यांनी स्वतःसह तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन यांना घेऊन 2009 चा अख्खा उन्हाळा बैठकांत घालवला. त्यात ग्रासली होते. विमा सक्तीवर दोन्ही पक्षांत एकमत आहे, असे ग्रासली यांनी त्या जूनमध्ये टीव्हीवर सांगितलेही. ऑगस्टमध्ये मतदारसंघांतल्या सभांत लोक खवळून उठले, आणि डिसेंबरात सक्ती घटनाबाह्य आहे असा आक्षेप सिनेटमध्ये आला तेव्हा ग्रासली आणि हॅच यांनी त्या आक्षेपाच्या बाजूने मत दिले. सोळा वर्षांपूर्वी स्वतः सहप्रस्तावक असलेल्या तरतुदीविरुद्ध! समितीत एकट्या ऑलिंपिया स्नो यांचे रिपब्लिकन मत मिळाले. सभागृहात तेही गेले. 24 डिसेंबर 2009 च्या सकाळी विधेयक 60 विरुद्ध 39 मतांनी पार पडले आणि मार्च 2010 मध्ये प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212. एकही रिपब्लिकन मत नाही.

मग खरी तडजोड कुठे झाली? घरातच. सिनेटमध्ये विधेयक पुढे न्यायला लागणारे साठावे मत जो लीबरमन यांचे होते. त्यांनी सरकारी विम्याचा पर्याय काढायला लावला, आणि पंचावन्न वर्षांवरच्यांना मेडिकेअर विकत घेऊ देण्याची तोडगावजा कल्पनाही मारली. नेब्रास्काचे बेन नेल्सन यांनी आपल्या राज्यापुरती मेडिकेडची खास सवलत मिळवली. तिचा एवढा बभ्रा झाला की नंतर ती काढावी लागली. डावे टीकाकार आजही म्हणतात, ओबामांनी सुरुवातीपासून सरकारी विम्याचा आग्रह धरला असता तर काही तरी हाती लागले असते. मला हे पटत नाही. साठ मते पर्यायापुरतीसुद्धा नव्हती, तिथे संपूर्ण सरकारी विम्याची कुठून येणार? उन्हाळा मात्र वाया गेला, हे खरे. ऑगस्टमध्ये केनेडी वारले, जानेवारीत त्यांच्या जागी रिपब्लिकन स्कॉट ब्राउन निवडून आले आणि साठावे मत गेले. बॉकस यांनी बैठका जूनमध्येच आटोपल्या असत्या तर कायद्यातल्या अनेक ढोबळ चुका तरी दुरुस्त करायला वेळ मिळाला असता.

पुढचा इतिहास वेगाने घडला. सव्वीस राज्ये न्यायालयात गेली. सरकार आज विमा घ्यायला लावते, उद्या ब्रोकोली खायला लावेल, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सुनावणीत खरोखर विचारला गेला. जून 2012 मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी चार उदारमतवादी न्यायाधीशांबरोबर जाऊन सक्ती वाचवली, पण अजब रीतीने. व्यापाराचे नियमन म्हणून काँग्रेसला हा अधिकार नाही, मात्र दंडाकडे कर म्हणून पाहिले तर आहे, असे ते म्हणाले. हा कर नाही, असे ओबामांनी तीन वर्षांपूर्वी टीव्हीवर ठासून सांगितले होते. त्याच निकालात कायद्यातला मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला गेला. आणि त्या वर्षी ओबामांविरुद्ध उभे कोण? मिट रॉम्नी. स्वतःच्याच कल्पनेविरुद्ध प्रचार करण्याची वेळ इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणावर आली असेल. स्टुअर्ट बटलर यांनीही लेख लिहून आपले मत बदलल्याचे सांगितले.

28 जुलै 2017 च्या पहाटे जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून रद्दीकरणाचे विधेयक 49 विरुद्ध 51 असे पाडले, ते दृश्य पुष्कळांना आठवत असेल. त्या विधेयकात सक्ती काढण्याची तरतूद होतीच. त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रम्प यांच्या करकायद्यात दंडाची रक्कम 2019 पासून शून्य करण्यात आली, आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे. सक्ती कर म्हणून जगली होती, मेलीही करकायद्यातच.

आता कायदा कोसळायला हवा होता. तीनपैकी एक काढली की बाकीच्या दोन जातील, हे सूत्र होते. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानेही दहा वर्षांत 1.3 कोटी लोक विम्याबाहेर जातील असे सांगितले होते. तसे झाले नाही. बाजार हलला, पण टिकला. 2021 साली रद्दीकरणाची तिसरी मोठी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 अशी फेटाळली, आणि 2025 साली सरकारी विमा बाजारातून विमा घेणाऱ्यांची संख्या 2.4 कोटींवर गेली. कारण उघड आहे. अनुदान हप्त्याबरोबर वाढते, म्हणून हप्ते वाढले तरी अनुदान मिळणारा माणूस बाहेर पडत नाही. लोकांना दंडाच्या धाकाने नव्हे, परवडण्याने आत ठेवले होते. वीस वर्षे ज्या तरतुदीवरून सरकारे लढली, खटले झाले, निवडणुका गेल्या, ती मोठ्या प्रमाणात अनावश्यक होती, असे मला वाटते. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी आपापली सक्ती ठेवली आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधला मराठी करदाता आजही विवरणपत्रात विम्याची माहिती भरतो आणि विमा नसेल तर राज्याला दंड देतो.

कायदा खऱ्या अर्थाने वाचला तो मतदारांमुळे. मेन, आयडाहो, नेब्रास्का, यूटा, ओक्लाहोमा, मिसुरी, साउथ डकोटा. यांतली बहुतेक राज्ये रिपब्लिकनांना भरभरून मते देणारी, तरी या सगळ्या राज्यांत लोकांनी सार्वमतात मेडिकेडच्या विस्ताराला मते दिली. केंटकीत राज्याच्या विमा बाजाराचे नाव ‘कायनेक्ट’ होते. लोकांना ते आवडे आणि ओबामाकेअर आवडत नसे. वस्तू तीच. आपल्याकडे हा प्रश्न सोप्या रीतीने सुटतो: राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे नाव सरकार बदलल्यावर 2017 साली महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले आणि योजना पुढे चालू राहिली. आपण यावर हसतो, पण श्रेयाचा हा एक प्रकारचा समझोताच आहे. अमेरिकेत नाव माणसाला चिकटले, त्यामुळे ती वाटही बंद झाली.

2021 मध्ये डेमोक्रॅटांनी वाढीव अनुदान आणले, तेही एकट्याच्या बळावर आणि मुदतीचे. ती मुदत पुढे 2025 अखेरपर्यंत वाढवली गेली. ती आणखी वाढवावी म्हणून त्यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये खर्चाचे विधेयक अडवले आणि केंद्र सरकारचे कामकाज 43 दिवस ठप्प राहिले. शेवटी त्यांच्याच गटातल्या आठ सिनेटरांनी माघार घेतली. बदल्यात मिळाले ते मतदानाचे आश्वासन. 11 डिसेंबरला ते मतदान झाले. तीन वर्षांच्या मुदतवाढीला 51 मते पडली, त्यांत चार रिपब्लिकन होते. लागत होती 60. सोळा वर्षांच्या वादात समोरच्या बाकांवरून या कायद्याच्या बाजूने आलेली ही दुर्मिळ मते, आणि ती पुरली नाहीत. 31 डिसेंबर 2025 रोजी वाढीव अनुदान संपले.